कुठे थांबलो होतो

१

लोक कादंबरी लिहायला घेतात तेव्हा त्यांना कोणाचीच गरज नसते. ती अर्ध्यावर अडकली, की त्यांना मी आठवते. मी त्यांचे मसुदे वाचते, समासात टिपणं लिहिते, फोनवर त्यांचं ऐकून घेते आणि त्यांना हळूहळू शेवटापर्यंत ढकलत नेते. मी कोणाची नोकर नाही आणि माझ्या हाताखालीही कोणी नाही. घरातली मागची खोली हेच माझं ऑफिस.

‘वाचते’ म्हणाले खरी, पण तिथेच तर मेख आहे. हल्ली मी वाचत नाही. पहिलं प्रकरण वाचते, शेवटचं वाचते, मधली चार-दोन पानं चाळते. मग ठेवणीतली वाक्यं बाहेर काढते. ‘मधला भाग जरा रेंगाळतो.’ ‘नायिकेला नक्की काय हवंय, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?’ ‘इथे सांगू नका, दिसू द्या.’ ही वाक्यं कुठल्याही कादंबरीला लागू पडतात, अगदी चांगल्या कादंबरीलासुद्धा. लेखक आधी गप्प होतो आणि मग हळूच म्हणतो, ‘बरोबर पकडलंत हो!’ डोंबल पकडलं. मी काही धरलेलंच नसतं.

आणि फोनवरचा माझा हुकमी एक्का म्हणजे, ‘हं, तर कुठे थांबलो होतो आपण?’ एवढं विचारलं, की लेखक आपणहून सगळी गोष्ट सांगून टाकतो. त्यातलंच एखादं वाक्य उचलायचं, जरा फिरवायचं आणि त्याला परत द्यायचं. त्याला वाटतं, बाईंनी किती बारकाईने वाचलंय! मला वाटतं, चला, आजची वेळ मारून नेली.

खोली लहानशी आहे. एक टेबल, डावीकडे वळली की कुरकुरणारी फिरती खुर्ची, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. तिच्यातून ऊन कधी येत नाही. पूर्वी इथे कागदांचे ढीग असायचे. लोक मसुदे छापून पाठवायचे आणि मी पेन्सिल घेऊन बसायचे. संवाद असले की वेगवेगळ्या आवाजांत पुटपुटायचे आणि पेन्सिल नको असली की अंबाड्यात खोचून ठेवायचे. आता सगळं पडद्यावर आलंय. अंबाडाही गेला. केस मानेपर्यंत कापून घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, “बरं झालं, आता रात्री उशीवर पेन्सिली टोचणार नाहीत.”

बिट्टी ही आमची मुलगी. ती दुपारी शाळेच्या बसमधून उतरते, जिना धावत चढते, दप्तर दारातच टाकते आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून जी सुरू होते ती धाप लागेपर्यंत थांबत नाही. मी तिला दूध देते आणि फोन बघत ‘हं’ म्हणते, ‘मग?’ म्हणते, ‘छान’ म्हणते. कधीकधी भलत्याच जागी ‘छान’ म्हटलं जातं. मग ती थांबते, माझ्याकडे जरा बघते आणि पुन्हा बोलायला लागते. हल्ली तिचं त्या बसमधलंच काहीतरी चाललं होतं. कोणी पांढऱ्या स्वेटरवाली, कुठली तरी सीट, असं काहीतरी.

२

दातांच्या एक डॉक्टर माझ्याकडे लिहायला शिकत होत्या. वय पन्नाशीचं. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात कादंबरी लिहायच्या. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आणि त्याच्याशी बोलणं टाकलेली त्याची बायको, एवढीच गोष्ट. पण बाई जीव ओतून लिहायच्या. “माझी पहिली आणि शेवटची कादंबरी आहे ही, मॅडम,” म्हणायच्या. “ही बिघडली तर आयुष्यभर नुसत्या लोकांच्या दाढा मोजल्या म्हणायचं.”

एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज भरून आला होता.

“मॅडम, ते ताटाचं वाचलं. मी दवाखान्यात रडले हो. पेशंट आपला आ वासून बसलेला, आणि मी बेसिनपाशी डोळे पुसतेय.”

कुठलं ताट? अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण इतक्या वर्षांची सवय कामाला आली. “तुम्हाला स्वतःला काय वाटलं वाचून?” असं मी विचारलं.

“हेच, की मला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला दिसलं. इतकं जपून कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं मला.”

“अहो, ते कामच आहे माझं,” मी म्हणाले. हे शब्द माझ्याच तोंडून गेले, आणि फोन ठेवून मी फाइल उघडली.

मधल्या एका प्रकरणात, जे मी उघडूनही पाहिलं नव्हतं, नवराबायकोचं भांडण होतं. भांडण झाल्यावर बायको भांडी पुसत बसते आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘ती रडली नाही.’ समासात माझ्या नावाने टिपण होतं. ‘हे वाक्य काढा. तिने एकच ताट दोनदा पुसलंय. आपल्याला कळलं.’

फाइलमध्ये मी वर गेले, खाली गेले. पानापानावर टिपणं होती. कुठे एकच शब्द बदललेला, कुठे नुसतं ‘इथे थांबा, घाई नको’. सगळी माझ्या नावाने. आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

माणसाला आधी भीती वाटायला हवी ना? मला आधी लाज वाटली. कारण ती टिपणं चांगली होती. एके काळी मी अशी लिहायचे. कान तापले माझे, आणि खोलीत एकटी असूनसुद्धा कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मी मागे वळून बघितलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. “अगं, तूच लिहिलं असशील आणि विसरली असशील. तू दूध गॅसवर ठेवून विसरतेस, टिपणांचं काय घेऊन बसलीस?”

“आणि दुसऱ्या कोणी लिहिलं असेल तर?”

“तर त्याला म्हणावं, माझंही कार्यालयातलं काम करून जा.”

संगणकाचा पासवर्ड माझ्याखेरीज त्यालाच माहीत आहे. पण हा माणूस औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा कधी शेवटपर्यंत वाचत नाही. त्याने काय कादंबरी वाचावी? विसरलेच असेन मी, असं मी ठरवून टाकलं.

३

दुसऱ्या दिवशी मनाशी पक्कं केलं, आज बसायचं आणि वाचायचं. खुर्ची पुढे ओढली, फाइल उघडली. पहिल्या ओळीवर नजर ठेवली आणि चहा हवासा वाटला. म्हणून उठले.

ओट्याशी उभी असताना मागच्या खोलीत खुर्ची कुरकुरली.

वारा असेल, म्हटलं. मग पान उलटल्याचा आवाज आला. कागदाचा आवाज, बोट जिभेला लावून पानाचा कोपरा उचलला की येतो तसा. त्या खोलीत कितीतरी दिवसांत कागदाचा कपटा आलेला नाही. शेजारच्या घरात कोणी वर्तमानपत्र वाचत असेल, भिंती पातळ आहेत आमच्या, असं मी स्वतःला समजावलं. चहा उतू जायला लागला, तो बंद केला.

मग पुटपुटणं ऐकू आलं. कोणीतरी संवाद वाचत होतं. पुरुषाचं बोलणं जाड आवाजात. ते संपलं की गप्प. तेवढी जागा सोडून पुन्हा जाड आवाज. मला आधी कळेना की मध्ये गप्प का. मग कळलं. त्या गोष्टीतली बायको बोलत नाही. तिच्या न बोलण्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबून पुढचं वाचलं जात होतं.

मी जाऊन दार ढकललं. आत कोणी नव्हतं. खुर्ची खिडकीकडे वळलेली होती आणि मी ती टेबलाकडे ठेवून उठले होते, हे मला पक्कं आठवत होतं. बैठकीवर हात ठेवला तर ती कोमट लागली. मीच बसले होते की मघाशी, माझ्याच अंगाची ऊब असणार. पण मी बसले होते ते किती वेळ? पडद्यावर एक टिपण अर्धवट राहिलं होतं. ‘इथे तो घाईत आहे, पण आपण’, एवढंच. पुढे नुसती रेघ उघडझाप करत होती.

आता तुम्ही म्हणाल, किंचाळली असेल, पळाली असेल, नवऱ्याला बोलावलं असेल. यातलं काही एक केलं नाही मी. दार हळूच लोटून घेतलं, पुढच्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवी झाले. डोळे मिटले तरी कान तिकडेच होते. थोड्या वेळाने खुर्ची पुन्हा कुरकुरली आणि पानं उलटायला लागली. ऐकता ऐकता मला चक्क झोप लागली.

त्यानंतर रोज हेच चाललं. दुपार झाली की मी फाइल उघडून ठेवायचे आणि दार लोटून बाहेर यायचे. उठून पाहावं तर काम झालेलं. मग मी आणखी दोघांचे मसुदे घेतले. एक जण रहस्यकथा लिहीत होता, एक जण आजोबांच्या आठवणी. दोघेही मला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. त्यांच्या प्रत्येक ‘धन्यवाद मॅडम’ला मी ‘अहो, त्यात काय’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे. लाज वाटत होती हो, सारखी वाटत होती. पण लाज वाटते म्हणून माणूस आयतं ताट दूर सारतोच असं नाही.

एका ढगाळ दुपारी बाहेर येताना मी टेबलावरचा दिवा लावून आले. अंधारात डोळ्यांना त्रास नको. कोणाच्या डोळ्यांना, ते मी स्वतःला विचारलं नाही.

४

डॉक्टरांचा पुढचा फोन आला तेव्हा मी पाय पसरून बसले होते.

“हं, तर कुठे थांबलो होतो आपण?” मी नेहमीसारखं विचारलं.

त्या हसल्या. “असं काय मॅडम? कालच तर बोललो ना आपण.”

“काल?”

“काल दुपारी. तुम्हीच फोन केलात की. शेवट बदलायचं ठरलं आपलं.”

काल दुपारी मी पलंगावर पडले होते. फोन मागच्या खोलीत टेबलावर राहिला होता. डोकं सुन्न झालं, पण जीभ सवयीने चालतच राहिली. “हो हो, ते आहेच. पण शेवट बदलण्याआधी एक गोष्ट बघू. नायिकेला नक्की काय हवंय, हे...”

पलीकडून दवाखान्यातल्या यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

“मॅडम,” त्या जपून म्हणाल्या, “हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.”

“हो, पण...”

“आणि काल तुम्हीच म्हणालात, तो प्रश्न चुकीचा होता. माझी माफी मागितलीत. म्हणालात, ‘तेव्हा मी वाचलं नव्हतं हो तुमचं.’ मला इतकं कसंतरी झालं. म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई, आणि मला सॉरी म्हणतायत.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या आवाजात, माझ्या फोनवरून, कोणीतरी माझी कबुली देऊन टाकली होती. आणि जे म्हणायला मला तोंड नव्हतं, ते किती साधेपणाने म्हटलं होतं!

“मॅडम?” डॉक्टरांनी विचारलं. त्या हसत होत्या, पण हसण्यात दम नव्हता. “तुम्ही मॅडमच बोलताय ना?”

“म्हणजे काय? मीच बोलतेय,” मी म्हणाले. आणि तुम्हाला सांगते, ते माझं मलाच खोटं वाटलं.

“नाही, आवाज तोच आहे. पण...” त्या अडखळल्या. “आपण असं करू का? दुपारीच बोलत जाऊ. दुपारी तुम्ही बऱ्या असता.”

फोन ठेवल्यावर मी यादीत पाहिलं. माझ्या फोनवरून कॉल गेले होते. एक-दोन नाही, कितीतरी, आणि सगळे दुपारचे, मी झोपलेली असतानाचे. झोपेत चालणारी माणसं असतात, झोपेत बोलणारीही असतात. मग झोपेत वाचणारी का नसावीत? मीच उठत असेन, मीच खुर्चीत बसत असेन. हे पटलं असतं तर किती बरं झालं असतं. पण झोप लागायच्या आधी, टक्क जागी असताना, ती पानं मी पलंगावरून ऐकली होती.

५

त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं, की बिट्टी बऱ्याच दिवसांत ओट्याशी आली नव्हती.

खरं म्हणजे कधीपासून, हेही मला सांगता येईना. दूध ओट्यावर असायचं, नंतर पेला रिकामा दिसायचा. घर शांत होतं म्हणून मी खूश होते. ती जमिनीवर बसून चित्रं रंगवत होती, तिच्याजवळ गेले.

“काय गं, आज काही सांगायचं नाही वाटतं?”

“सांगितलं की मघाशी.”

“कोणाला?”

तिने मान वर केली. “तुला. असं काय करतेस आई?”

“कुठे सांगितलंस?”

“खोलीत. तूच म्हणालीस, आत ये, दार लाव, मला नीट ऐकू दे.” ती पुन्हा रंगवायला लागली. “आणि तू पाणी प्यायला बाहेर आलीस की तुला काही आठवत नाही.”

मी तिच्या शेजारी खाली बसले. “मी आत्ता ऐकते. फोन बघ, तिकडे ठेवला. सांग मला, बसमध्ये काय झालं?”

बिट्टी विचार करत होती. मग तिने मला जे विचारलं, ते मी उभ्या जन्मात किती जणांना विचारलं असेल.

“तू सांग. कुठे थांबलो होतो आपण?”

“त्या... तुझ्या मैत्रिणीपाशी ना? पांढऱ्या स्वेटरवाली?”

“तिचं काय?”

“ती... तुझ्याशी भांडली?”

बिट्टी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती, रडली असती, तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रागावली नाही. पाहुण्यांशी बोलावं तसं हसली आणि म्हणाली, “काही नाही गं. छान चाललंय.” मग तिने खडूंचा डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसली.

मी मागच्या खोलीत गेले, फाइल बंद केली, दिवा विझवला. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून स्वयंपाकघरात बसले. आता वाचीन, म्हटलं. खरंच वाचीन, पहिल्या शब्दापासून. सगळ्यांचं वाचीन, सगळ्यांचं ऐकीन, मग त्या खोलीची कोणाला गरजच उरणार नाही. फोनवरच डॉक्टरांचा मसुदा उघडला. एक पान नीट झालं. दुसऱ्या पानावर नजर घसरली. शब्द दिसत होते, पण आत काही जात नव्हतं. तिसऱ्या पानावर माझं बोट आपोआप वर सरकायला लागलं, भराभर, आणि मी शेवटच्या प्रकरणावर जाऊन पोहोचले. पुन्हा मागे आले. पुन्हा तेच झालं. मला वाचता येत नव्हतं. माझं सगळं पोट ज्याच्यावर चालतं, ते मला येईनासं झालं होतं. ओट्यावर डोकं ठेवून मी रडले, आवाज न करता, कारण बिट्टीला कळलं असतं.

६

दुसऱ्या दिवशी मी पलंगाकडे फिरकलेच नाही. किल्ली खिशात घातली आणि बस यायच्या खूप आधी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तिला मीच उतरवून घेईन, हात धरून वर आणीन, वाटेतच सगळं विचारीन. त्या मुलीचं नाव विचारीन. तेवढं तरी मला माहीत असायला हवं होतं.

किराणावाल्याशी दोन शब्द बोलले असेन नसेन, तेवढ्यात बस कोपऱ्यावरून वळताना दिसली. जाणारी. मी धावले, हात केला. ड्रायव्हरने काच खाली घेतली.

“अहो, माझी मुलगी?”

“ती उतरली की, ताई.” तो गोंधळून बघत होता. “तुम्हीच तर हात धरून नेलीत आत्ता.” मग त्याची नजर माझ्या मानेवर गेली, कापलेल्या केसांवर. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तशी त्याने बस पुढे काढली.

जिना मी कसा चढले, मला माहीत नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बिट्टीचे बूट भिंतीशी नीट जोडीने ठेवलेले होते आणि दप्तर खुंटीला होतं. एरवी दोन्ही दारातच फेकलेली असतात.

मागच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी वरून हात लावून पाहिलं, होती.

आतून बिट्टीचा आवाज आला. “तू सांग. कुठे थांबलो होतो आपण?”

आणि माझा आवाज. हल्लीचा नाही. घाई नसलेला, जरा खाली उतरलेला, मी पेन्सिल घेऊन बसायचे तेव्हाचा.

“ती पांढऱ्या स्वेटरवाली मागच्या सीटवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिकडेच बसली. मग तू तुझ्या शेजारच्या जागेवर दप्तर ठेवायला लागलीस. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी यायचंय.”

बिट्टी काही बोलली नाही. तो आवाजही थांबला. ती गप्प होती तेवढा वेळ थांबला.

माझ्या पोरीच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती रोज तिथे दप्तर ठेवत होती. तेच ती मला ओट्याशी उभी राहून सांगत होती, आणि मी ‘छान’ म्हटलं होतं. मला माझी किळस आली. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मी फटीला डोळा लावला. जमिनीवर बिट्टी बसलेली, खुर्चीच्या पायाला टेकून. खुर्चीत पाठमोरं कोणीतरी होतं. एक हात खाली येऊन तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होता. मानेवर सैलसा अंबाडा, आणि त्यात तिरकी खोचलेली पेन्सिल.

माझ्याकडून दाराला धक्का लागला असावा. खुर्ची कुरकुरली आणि डावीकडे वळायला लागली.

मी बघायला हवं होतं. आत घुसायला हवं होतं, पोरीला उचलायला हवं होतं. कुठल्याही आईने ते केलं असतं. भीती तर होतीच. पण मान खाली गेली ती लाजेने. आत जाऊन मी बिट्टीला काय सांगणार होते? सीटचं सांगणार होते? दप्तराचं? ते तर मला आत्ता दाराबाहेर उभं राहून कळलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून. तेच उचलून, जरा फिरवून मी तिला परत देणार होते. आणि तिने पुढचा प्रश्न विचारला असता, तर?

माझी नजर फरशीवर होती. आतून दार हळूच लोटलं गेलं. आदळलं नाही. काम चालू असताना मी लोटून घ्यायचे, तसंच.

“बाहेर कोण आहे?” बिट्टीने विचारलं.

“कोणी नाही. तू सांग.”

दाराचं कुलूप पुन्हा लागलं होतं आणि किल्ली माझ्या हातात होती. ती मी कुलपाला लावलीसुद्धा. मग तशीच धरून ठेवली, कारण बिट्टी बोलायला लागली होती आणि कुलपाचा आवाज झाला असता तर ती थांबली असती. मी दाराला कान लावला. आज ना, बसमध्ये चढल्यावर तिने दप्तर मांडीवरच ठेवलं, म्हणाली. जागा तशीच सोडली. मग दुसऱ्या थांब्यावर कोणीतरी चढलं. मला एकेक शब्द ऐकू येत होता. इतकं जीव लावून मी कितीतरी दिवसांत काही ऐकलं नव्हतं. बिट्टी श्वास घ्यायला थांबली, आणि मी ओठ दाराला लावून विचारलं, “मग?”

पण आतून ते आधीच विचारून झालं होतं.